मुरुडचे चार दिवस

१

लग्नपत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाल्याला सांगून झालं होतं, आणि लातूरच्या कोरे मंडळींनी लग्न थांबवलं. मोडलं म्हणाले नाहीत, थांबवलं म्हणाले. ज्यांनी चार लग्नं पाहिली आहेत त्यांना या दोन शब्दांत फार अंतर नसतं हे ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी नवरी मुलगी, तनुजा ढगे, नांदेडला आमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"माझी खाजगी माहिती तुमच्या शाखेतून बाहेर गेली," ती म्हणाली. "कुणी दिली ते मला लेखी पाहिजे."

आमचं टेबल चारित्र्य पडताळणीचं. कुणाला सरकारी नोकरी लागली, कुणी पासपोर्ट मागितला, की त्याचं मागचंपुढचं तपासायला कागद आमच्याकडे येतात. गुन्हा आहे का, खटला आहे का, अर्जात लिहिलेलं खरं आहे का. मी हवालदार नरसिंग टेकाळे. याच टेबलावर माझे केस पिकले. तनुजाची निवड मुलींच्या वसतिगृहावर गृहपाल म्हणून झाली होती, नेमणूक नांदेडातच, आणि तिची पडताळणी आमचा शिपाई हरिओम करत होता.

झालं होतं ते असं. लातूरला तिच्या होणाऱ्या सासूला, नीलाबाई कोरे यांना, एक फोन आला. आवाज बाईचा. "पोलीस पडताळणीतून बोलतेय. सदर मुलगी बारावीत असताना घरातून पळाली होती. ठाण्यात नोंद आहे. चार दिवस तुमच्या मुरुडला होती. कुणाजवळ, ते तिलाच विचारा."

मुरुड म्हणजे लातूरजवळचं, कोकणातलं नव्हे. नीलाबाईंनी तिलाच विचारलं. तनुजा म्हणाली, "हो, गेले होते. कुणाकडे ते सांगणार नाही."

आता सांगा, अशा उत्तरावर कोणती सासू अक्षता टाकेल?

साहेबांनी तक्रार वाचली. मला वाटलं चौकशी माझ्याकडेच येणार. टेबल माझं, शिपाई माझा, अनुभव माझा. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हिप्परगे मॅडमना बोलवा."

२

अंजू हिप्परगे, उपनिरीक्षक. उदगीरची. वय माझ्या पुतणीएवढं. खात्यात येऊन किती दिवस झाले असतील हो? पण जो तो "हिप्परगे मॅडम, हिप्परगे मॅडम" करत असतो. एक चोरी काय पकडली, पेपरात फोटो आला. मी आजवर हजारो माणसांचं चारित्र्य तपासलं, माझा फोटो फक्त ओळखपत्रावर आहे, तोही डोळे मिटलेला. मला त्यांचा हेवा वाटतो, लपवत नाही. त्यातून त्या मला 'काका' म्हणतात, ते तर आणखीच झोंबतं.

"काका, त्या फोनचा माग लागला?" त्यांनी विचारलं.

लागला होता, आणि काही उपयोग नव्हता. नंबर दयानंद नावाच्या माणसाचा निघाला. त्याचं माहूरला देवीच्या गडाच्या पायथ्याशी नारळ-प्रसादाचं दुकान. त्या दिवशी माल घ्यायला नांदेडला आला होता. बसस्टँडवर एका बाईनं त्याला अडवलं.

"म्हणली, दादा, माझा फोन बंद पडलाय, एक फोन लावू दे," दयानंद सांगत होता. "दिला. आपल्या बापाचं काय जातंय?"

"दिसायला कशी होती?"

"तोंड बांधलेलं होतं, साहेब. एवढ्या उन्हात कोणती बाई तोंड न बांधता हिंडून राहिली?"

"आवाज?"

"स्टँडवरचा कालवा. आन् ती बाजूला जाऊन बोलली." त्यानं खिशातून फोन काढला. "बाई मात्र चांगल्या घरची असंल. बोलणं झाल्यावर फोन कपाळाला लावला, मग दिला."

"फोन? कपाळाला?" मी हसलो.

त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर माहूरच्या रेणुकामातेचा फोटो होता, शेंदरी मुखवटा, मोठे डोळे.

"फोटो बघून कुणीही नमस्कार करील," मी मॅडमना म्हणालो. "यावरून कोणाला पकडणार?"

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी तनुजाच्या बेपत्ता होण्याची जुनी नोंद मागवली होती, ती उघडली. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

नोंद तनुजाच्या आत्यानं, केवळाबाईंनी दिलेली होती. शेवटी लिहिलं होतं: मुलगी न सांगता माहूरला देवदर्शनास गेली होती, सुखरूप परत आली, कोणावर संशय नाही.

मुरुडचं नावही त्यात नव्हतं.

३

लातूरला गंजगोलाईजवळ कोरेंचं भांड्यांचं दुकान आहे. मागे घर. नीलाबाई गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाल्या, "मी खोटं बोलणार न्हाई."

मी म्हणालो, "बाई, फोनवर माहूर म्हणाली असेल. तुम्हाला मुरुड ऐकू आलं असेल."

नीलाबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दुकानातला तांब्या असतो तर पोचा पडला असता. "मुरुड माझं माहेर हाय, हवालदार. बाई माहेराचं नाव चुकीचं ऐकंल का? आन् ती म्हणलीच की, 'तुमच्या मुरुडला'. माझ्या भावाला लावलं मी चौकशीला. त्यानंही काय निघालं न्हाई."

"आवाज ओळखीचा वाटला का?" मॅडमनी विचारलं.

"दाबून बोलत होती. कागदातलं वाचल्यावानी. सदर मुलगी, सदर मुलगी."

"'सदर' म्हणजे आपलंच खातं," मी मॅडमच्या कानात म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मुलगा अमरेश दाराला टेकून उभा होता. कॉलेजात शिकवतो. तनुजाशी त्याची ओळख स्पर्धा परीक्षेच्या वर्गात झाली, मग घरच्यांनी हो-ना करत मान्य केलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण मला त्याच्या डोळ्यांत दुःखापेक्षा वेगळंच दिसलं. मुरुडच्या त्या चार दिवसांत कोण होता, हा प्रश्न त्याला आतून कुरतडत होता.

"मी तिला म्हणालो, कोणी मुलगा असेल तरी सांग," तो म्हणाला. "जुनी गोष्ट आहे, मी विसरेन."

"विसराल?" मॅडमनी विचारलं.

नीलाबाईच बोलल्या, "मॅडम, पोरगी मला आवडली होती. अजून आवडती. पण उद्या लोक मला मुरुडातच विचारतील, तुझी सून इथं कुणाजवळ होती? काय सांगू? अक्षय्य तृतीयेपर्यंत खरं कळलं तर मांडव उभा ऱ्हाईल. न्हाई तर न्हाई."

परतताना मॅडमनी तनुजाला फोन लावला आणि मलाही ऐकू दिलं. "एक नाव सांगितलं तर लग्न वाचतंय. का सांगत नाहीस?"

मग तनुजा म्हणाली, "ते नाव बाहेर आलं तर एका माणसाचं काळीज फाटेल. त्यापेक्षा माझं लग्न मोडलेलं परवडलं."

मी मनात म्हटलं, हा तर अमरेशपेक्षाही वरचढ निघाला, जो कोणी आहे तो.

४

हरिओम माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा. पण खरं ते खरं. वर्षापूर्वी त्याच्या घरच्यांनी तनुजाला मागणी घातली होती आणि ढग्यांनी नकार दिला होता. ही गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती. मॅडमनी मात्र कुठून तरी काढली.

"मग पडताळणी दुसऱ्याकडं का दिली नाहीस?" त्यांनी विचारलं.

हरिओमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तिला बघायला भेटंल म्हणून. खोटं कशाला बोलू? ती मात्र घरी नव्हती, नांदेडच्या खोलीवर होती. लोह्याला आत्याच होत्या."

"राग होता?"

"होता की. लातूरचा प्रोफेसर करून राहिली म्हणल्यावर जेवण गोड लागलं नाही चार दिवस. पण मॅडम, कुणाची माहिती विकली नाही मी. मला बहीण नाही, बायको नाही, फोन करायला बाई आणू कुठून?"

"लोह्याला काय काय केलंस, सगळं सांग."

"रीतीप्रमाणं. शेजाऱ्यांना विचारलं, चांगली पोरगी हाय म्हणले. मग आत्यापुढं बसून अर्जातलं एकेक वाचलं. सदर उमेदवाराचं नाव, सदर उमेदवाराचं शिक्षण. आत्या 'हाव, हाव' म्हणत मान हलवून राहिल्या होत्या. मधेच चहा उतू गेला. त्या उठल्याच नाहीत. मीच म्हणलो, आत्या, चहा! मग सगळं विस्कटलं. पुढचं वाचायचं राहिलं, ते मी तसंच बरोबर म्हणून टाकलं."

मी डोळे वटारले. न वाचता बरोबर म्हणायला मी शिकवलं होतं का याला? पण मॅडमना त्या गोष्टीचा राग आला नाही. त्यांना भलत्याच गोष्टीत रस.

"चहा उतू गेला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि घरातली बाई उठली नाही."

५

माझा संशय पहिल्यापासून आरतीवर होता. आरती ही तनुजाची मैत्रीण, एकाच खोलीत राहून दोघींनी अभ्यास केलेला. तनुजाची निवड झाली आणि आरती थोडक्यात मागे राहून प्रतीक्षा यादीत पहिली आली. म्हणजे तनुजा घसरली की खुर्ची आरतीची. मुरुडचं तिला ठाऊक असणं शक्य होतं. एका खोलीत राहणाऱ्या मुली काय बोलत नाहीत?

मी मॅडमना म्हणालो, "याला म्हणतात दुधात साखर. हेतू आहे, माहिती आहे, तोंडाला बांधायला स्कार्फ आहे."

आरतीनं दार उघडलं तेव्हा भिंतीवर अजून वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पलीकडची कॉट रिकामी होती, तनुजा आता लोह्याला आत्याकडे होती.

"जळते मी तिच्यावर," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "लिहून घ्या. रात्री जागले मी, नोट्स काढल्या मी, आणि नोकरी तिला. वर नवराही. पेढे घेऊन आली तेव्हा मी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. पण फोन मी केला नाही."

"मुरुडचं माहीत होतं?"

"मुरुड? मला माहूर सांगितलं होतं तिनं. शुक्रवारी कधी देवीचा विषय निघाला की म्हणायची, मी एकदा आत्याला न सांगता माहूरला गेले होते."

"खोटं बोलतेय," मी बाहेर आल्यावर म्हणालो.

मॅडम गाडीच्या दाराशी थांबल्या. "काका, एक विचारू? तुम्हाला माझा हेवा वाटतो ना?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"रागावू नका. मला मदत पाहिजे म्हणून विचारते. समजा, तुम्हाला माझं काहीतरी बिघडवायचंय. एक फोन करायची संधी आहे. कुणाला कराल? साहेबांना, की माझ्या आईला?"

"आईला कशाला?" मी पटकन बोलून गेलो. "साहेबांना करीन. मला तुमची खुर्ची खुपते, तुमची आई नाही."

बोललो आणि जीभ चावली. पण मॅडम हसत होत्या.

"आरतीला काय खुपतं? खुर्ची. मग तिनं नोकरी देणाऱ्या खात्याला कळवलं असतं. या फोननं नोकरीला बोटही लावलं नाही. फक्त लग्न उडवलं. फोन करणारीला तनुजाची नोकरी राहायला हवी आहे आणि लग्न नको आहे. चला, लोह्याला जाऊ."

६

केवळाबाईंचं घर लोह्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन खोल्या आणि पुढे पडवी. तनुजाच्या वडिलांना, शेषेरावांना जाऊन फार वर्षं झाली. आईही त्यामागोमाग वारली, असं गाव सांगतं. विधवा होऊन माहेरी आलेल्या केवळाबाईंनी भावाची पोर वाढवली. गळ्यात देवीची कवड्यांची माळ, कपाळावर देवीच्या नावाचं रुपयाएवढं कुंकू. दर शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागणारी बाई.

"माझ्या पोरीचं वाटोळं केलं ओ तुमच्या पोलिसांनी," त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. "त्या हरिओमलाच धरा. नकार दिला म्हणून जळून राहिला."

देव्हाऱ्यात रेणुकेचा मुखवटा होता आणि पुढे दोन डब्या. मी आपला भाविक माणूस. कुंकू लावावं म्हणून एक डबी उघडली. आत काळी, वाळून खडा झालेली गोळी, वर हळदीकुंकवाची पुटं.

"ती न्हाई! दुसरी, दुसरी!" केवळाबाई ओरडल्या. मग स्वतःच पुढे आल्या आणि डबी मॅडमसमोर धरली. "बरं झालं उघडली. हेच दाखवायचं होतं. हे तांबूल हाय माहूरचं. तनू त्या टायमाला घेऊन आलती माझ्यासाठी. मुरुड न्हाई आन् काय न्हाई. पोर देवीकडंच गेलती. हा घ्या पुरावा."

माहूरच्या देवीचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, सुपारी, खोबरं, बडीशेप, सगळं कुटून केलेलं. मराठवाड्यात कोणी माहूरहून आलं की आधी तळहातावर तांबूल येतं.

मॅडमनी डबी हातात घेतली. बराच वेळ त्या गोळीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पुरावा भक्कम आहे आणि मॅडम अडकल्या. खरं सांगतो, बरं वाटलं.

"आत्या," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या देवीचा प्रसाद घरी आला, तर तुम्ही काय करता?"

"कपाळाला लावायचा आन् तोंडात टाकायचा. दुसरं काय?"

"मग हा का नाही खाल्ला?"

केवळाबाईंचा पदर डोळ्यावरून खाली आला. डोळे कोरडे होते.

७

"तुम्ही नका बोलू, मी बोलते," मॅडम पडवीत पाय दुमडून बसल्या. "चुकलं तर सांगा. तनुजा परत आली, तांबूल दिलं, आणि तुम्हाला कळलं की पोर माहूरला गेलेलीच नाही. कसं कळलं?"

मग केवळाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माहूरच्या पायऱ्या चढून आलेली पोर दोन दिवस पोटऱ्या चोळत बसती. ही आल्या आल्या दोरीवरच्या उड्या मारून राहिली होती."

"म्हणून तांबूल खोटं. देवीच्या नावाचं खोटं तोंडात घालवेना. आणि खरं असलं तर? म्हणून टाकवेनाही. डबीत ठेवून रोज हळदीकुंकू वाहिलंत. पोर कुठं गेली होती ते मात्र तुम्हाला कळलं नव्हतं. आमच्या नोंदीतही माहूरच आहे. म्हणजे मुरुड हे नाव आमच्या नोंदीतून गेलेलं नाही. ते तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणीच न्हाई."

"आम्हीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "हरिओम इथं बसून अर्ज वाचत होता. खोटं लिहिलं तर नोकरी जाते, म्हणून तनुजानं प्रत्येक रकाना खरा भरला होता. तो वाचता वाचता आईच्या रकान्यावर आला. आईचं नाव चतुराबाई, हयात, राहणार मुरुड. आणि चुलीवर चहा उतू गेला."

मी दचकलो. फाइल माझ्याच टेबलावर होती आणि तो रकाना मी वाचला नव्हता. गाव म्हणतं वारली, मीही वारली धरून चाललो.

"त्या बाईनं दुसरा घरोबा केला," केवळाबाई एकदम उसळल्या. "भाऊ गेला तवा वर्ष न्हाई झालं. पोर माझ्या पदरात टाकून गेली. मी गावाला सांगितलं, मेली. पोरीला सांगितलं, मेली. आमच्यासाठी मेलीच होती! आन् ही चोरून तिच्याकडं चार दिवस राहून आली? एवढी वर्सं मला बोलली न्हाई?" त्यांनी मांडीवर हात आपटला. "गोवर निघाला तवा मांडीवर घेऊन मी बसले. शाळेत मी पोचवलं. आन् कागदावर नाव तिचं! आत्याला रकाना न्हाई का ओ तुमच्या कागदात?"

मॅडमनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"नोकरी नांदेडला, ती मला पाहिजेच होती. पोर जवळ राहिली असती," त्या पुढे म्हणाल्या. "पण लातूरला नांदायला गेली की मुरुड किती लांब? बसा एष्टीत, उतरा आईच्या दारात. हक्काची आई भेटल्यावर या म्हातारीला कोण विचारतंय? मी फोन केला. हो, मीच. त्या पोरानं वाचलं तसंच बोलले, सदर, सदर. वाटलं, लग्न मोडंल, पोर माझ्याकडं येईल." त्यांनी मान खाली घातली. "ती तर रडली बी न्हाई. नुसती गप हाय."

"ती गप्प का आहे, माहीत आहे?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तक्रार तिची आहे, उत्तर तिलाच द्यावं लागेल. पण ते मी द्यायच्या आधी तुम्ही द्या."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. तनुजा गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली होती.

८

केवळाबाईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, उभ्या उभ्या. मी पोलीस आहे, कबुल्या पुष्कळ ऐकल्या; इतकी कमी शब्दांची ऐकली नव्हती. "फोन मी केला तनू. तू तुझ्या आईकडं गेलतीस ते मला कळलं. मला बघवलं न्हाई."

तनुजानं पिठाचा डबा खाली ठेवला. तिचे हात पांढरे होते.

"तुला कळू नये म्हणून मी नीलाबाईंना सांगत नव्हते," ती म्हणाली. "अमरेशलासुद्धा नाही. तुला कळलं तर तुझं काळीज फाटेल, म्हणून मी लग्न सोडायला निघाले होते, आत्या."

काळीज फाटणारा तो वरचढ माणूस पडवीत माझ्यासमोर उभा होता, कवड्यांच्या माळेसकट. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बघायचं होतं फक्त," तनुजा म्हणाली. "शाळेतल्या एका पोरीनं सांगितलं, तुझी आई जिती हाय. चार दिवस राहिले. तिच्या घरात मला करमलं नाही. ताटात वाढलेलं पण परकं वाटायचं. म्हणून परत आले." मग तिची नजर मॅडमच्या हातातल्या डबीवर गेली. "ही काय आहे? तांबूल? तू खाल्लं नाहीस?"

"खोटं होतं न्हवं ते," केवळाबाई पुटपुटल्या.

"माहूरला मी गेले नव्हते, हे खोटं होतं. तांबूल खरं होतं." तनुजानं मॅडमच्या हातातली डबी घेतली. "त्याच आठवड्यात आई माहूरला जाऊन आली होती. मी निघाले तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून काढून दिलं. म्हणाली, हे वन्संना दे. माझी लेक त्यांनी वाढवली, त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं तोंड मला न्हाई, देवीचा प्रसाद तरी पोचू दे."

केवळाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. एवढी वर्षं ज्या बाईच्या नावानं बोटं मोडली, तिनंच पाठवलेला प्रसाद त्या रोज हळदीकुंकू वाहून पुजत होत्या. त्यांनी डबी घेतली, ती गोळी कपाळाला लावली आणि कडेचा एक तुकडा दातानं तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिल्या.

"कसं लागतंय?" तनुजानं विचारलं.

"कडू हाय," त्या म्हणाल्या आणि मग मोठ्यानं रडू लागल्या. तनुजानं पिठाच्या हातांनीच त्यांना धरलं.

९

दोन दिवसांनी केवळाबाई स्वतः लातूरला गेल्या आणि नीलाबाईंना सगळं सांगून आल्या. मॅडमनी तक्रारीचं उत्तर लिहिलं: अर्जदाराची माहिती पडताळणीच्या वेळी नातेवाइकापुढे मोठ्यानं वाचली गेली, ही शाखेची चूक आहे. केवळाबाईंचं नाव त्यात नव्हतं. "ते अर्जदाराला ठाऊक आहे, इतरांना कळायची गरज नाही," त्या म्हणाल्या. मी असतो तर नाव घातलं असतं. म्हणून तर चौकशी माझ्याकडे आली नसावी. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. मला चहा सांगायला पाठवलं.

फाइल बंद करायचं काम मात्र माझंच. हरिओमनं न वाचता सोडलेलं पुढचं पान मी पहिल्यांदा नीट वाचलं. आईच्या रकान्याखाली थोड्या अंतरावर आणखी एक रकाना होता. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे? तनुजाच्या अक्षरात लिहिलं होतं: केवळाबाई, राहणार लोहा. आणि नातं या शब्दापुढे: आई.

चहा उतू गेला नसता, तर हरिओम तिथपर्यंत पोचला असता.

नियमानं ही चूक आहे. एका अर्जात दोन आया कशा? असल्या चुका मी आजवर लाल शाईनं परत पाठवल्या. या वेळी मी पेन उचललं, थोडा वेळ तसाच बसलो आणि लिहिलं: पडताळले, माहिती बरोबर आहे.

लग्न लातूरला झालं. मॅडम पहिल्या रांगेत, मी मागे, पंख्याचं वारं लागत नाही अशा जागी. नीलाबाईंनी विहिणींचा मान म्हणून दोन साड्या आणल्या होत्या, एक केवळाबाईंना, एक चतुराबाईंना. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. केवळाबाईंनी हळूच स्वतःच्या साडीचा काठ चिमटीत धरून पाहिला, मग नजर चुकवून दुसरीचा. मला हसू आलं. हेवा असा एका तांबुलानं जातो होय? माझा गेला का?

केवळाबाई माझ्याजवळ आल्या. "हवालदार, एक विचारू? त्या कागदात पोरीनं माझं नाव कुठंच न्हाई लिवलं का ओ?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मांडवात एवढा माणूस होता, आणि त्या एका शब्दाचा मालक मी नव्हतो.

"आम्हाला कुणाच्या अर्जातलं सांगता येत नाही, आत्या," मी म्हणालो. "तिलाच विचारा."

त्या साडी सावरत, गर्दीतून वाट काढत नवरीकडे निघाल्या.